घरभर वास सुटला, मग कपात काय उरलं?

तुमचा प्रश्न असा: कांदिवलीला राहता, नोकरी बीकेसीत. दिवसभर एसीत बसून पाच-सहा कप चहा होतो. तो कमी करावा म्हणून गेले दोन महिने रात्री जेवणानंतर घरच्याच मसाल्यांचा चहा सुरू केलात. दोन ग्लास पाण्यात इंचभर आलं, 10 मिरी, 5 लवंगा, दालचिनीचे 2 तुकडे, चमचाभर ओवा, चमचाभर हळद, चमचाभर ज्येष्ठमध पावडर, 1 चक्रीफूल आणि मूठभर तुळस. वीस मिनिटं खळखळ उकळून एक कप उरवायचा. आता छातीत जळजळ होते, जेवून लगेच आडवं झालं की ती वाढते, तोंड आलंय, तळपायांची आग होते. सौम्य चहा नेमका करायचा कसा, रोज चालेल का, आणि सासूबाईंना (वय 68, बीपीची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू) आणि चार वर्षांच्या मुलाला त्यातलाच द्यावा का, शिवाय मसाला कुठून घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

पहिलं म्हणजे हे आजपासून बंद करा. कमी करा असं म्हणत नाही.

तुम्ही लिहिलेलं सामान मी दवाखान्यातल्या छोट्या काट्यावर घालून बघितलं. 25 ग्रॅमच्या आसपास भरलं. दोन ग्लास पाणी म्हणजे 400 मिली. म्हणजे एक भाग द्रव्य आणि सोळा भाग पाणी. आता गंमत बघा, शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदातल्या जुन्या ग्रंथात क्वाथाचं, म्हणजे काढ्याचं, प्रमाण हेच दिलंय: द्रव्याच्या सोळापट पाणी घ्यायचं आणि आटवायचं. नकळत तुम्ही रोज रात्री बऱ्यापैकी शास्त्रोक्त काढा करत होतात. फक्त तो औषध म्हणून, वैद्याने सांगितले तेवढे दिवस घ्यायच्या ऐवजी चहा म्हणून साठ दिवस प्यालात. त्यातली बहुतेक द्रव्यं तिखट आणि उष्ण. मग तोंड येणार नाही तर काय होणार?

ही चूक तुमची एकटीची नाही. 2020 मध्ये काढा हा शब्द घराघरात शिरला. आयुष मंत्रालयाने तेव्हा सांगितलेलं मिश्रण साधं होतं: तुळस 4 भाग, दालचिनी 2, सुंठ 2, काळी मिरी 1. आणि त्याचं प्रमाण होतं 3 ग्रॅम भरड 150 मिली उकळत्या पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा. म्हणजे एकाला पन्नास. लोकांनी यादी लक्षात ठेवली आणि वजन विसरले. त्या मे महिन्यात मला जेवढे फोन आले त्यात तापाच्या खालोखाल तक्रारी होत्या घोळणा फुटण्याच्या, तोंड येण्याच्या आणि उन्हाळी लागण्याच्या. आमच्या घरीही तेच. माझ्या सासऱ्यांनी दिवसातून तीनदा काढा घेतला आणि एका दुपारी नाकातून रक्त वाहत बाहेर आले. घरात वैद्य असून! मी दवाखान्यात, आणि स्वयंपाकघरात काय शिजतंय याकडे माझं लक्षच नव्हतं.

आपल्याकडे वनस्पतीचा गुण पाण्यात उतरवायच्या वेगवेगळ्या रीती आहेत. उकळून आटवला तो क्वाथ. भरड गार पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळलं तर हिम. आणि गरम पाणी ओतून झाकून ठेवलं, थोड्या वेळाने गाळलं तर फांट. आपण पितो त्या चहाच्या जवळचा आहे तो फांट. पण शास्त्रातला फांटसुद्धा बराच कडक असतो, एक भाग द्रव्याला चार भाग पाणी. तुम्हाला मी जो कप सांगणार आहे तो 150 मिली पाण्यात 2 ग्रॅम, म्हणजे एकाला पंच्याहत्तर. इतका पातळ असतो म्हणूनच रोज पिता येतो. त्याचं औषध करायला गेलात की रोज पिण्याचा हक्क गेला. काही रुग्ण म्हणतात, "बाई, एवढ्याने काय होणार?" काही होऊ नये म्हणूनच तर तेवढं सांगते! चहाची तलफ भागली, पोट हलकं वाटलं, एवढंच काम त्या कपाचं.

आता करायची रीत. मसाले कोणते यापेक्षा ही जास्त महत्त्वाची आहे.

माझं लहानपण परळच्या चाळीत गेलं. आजी मालवणकडची. वडील गिरणीत, रात्री उशिरा पाळी सुटली की कधी कधी बाहेर वडापाव-भजी खाऊन यायचे आणि मग पोट धरून बसायचे. आजी पितळी तपेलीत पाणी तापवायची, ओवा तळहातावर चोळून टाकायची आणि लगेच वर ताटली. मी एकदा मदत म्हणून ताटली न ठेवता ते उकळत ठेवलं. वास थेट जिन्यापर्यंत गेला, शेजारच्या काकूंनी विचारलंसुद्धा. आजी म्हणाली, "झालं, वास शेजारणीला आणि चोथा तुझ्या बापाला." पुढे द्रव्यगुण, म्हणजे औषधी द्रव्यांच्या गुणांचं शास्त्र, शिकले तेव्हा कळलं की म्हातारीने एका वाक्यात सगळं सांगितलं होतं.

मसाल्याचा गुण बराचसा त्याच्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. बडीशेपेत ॲनेथॉल, धण्यात लिनालूल, ओव्यात थायमॉल, लवंगेत युजेनॉल. पाणी खळखळलं की वाफेबरोबर ही तेलं निघून जातात. अत्तर काढणारे याच गोष्टीचा फायदा घेतात, वाफ धरून गार करतात आणि तेल मिळवतात. आपण ती एक्झॉस्ट फॅनला देऊन टाकतो, आणि पातेल्यात राहतो तो कडवट, तुरट आणि तिखट अंश, जो काही उडत नाही. वीस मिनिटं उकळलेल्या पाण्यात सुगंध गेलेला असतो आणि जळजळ तेवढी उरलेली असते. म्हणून करायचं असं: पाणी उकळा, गॅस बंद करा, मग मसाला टाका, घट्ट झाकण ठेवा, 5 ते 7 मिनिटं तिकडे बघू नका. झाकणाला आतून जे थेंब धरतात ते झटकून परत पातेल्यात पाडा, बेसिनमध्ये नको. त्यातच माल असतो. मग गाळा.

बी अख्खं टाकू नका आणि दळूनही टाकू नका. जिरं, धणे, बडीशेप यांच्या बियांत तेलाच्या बारीक नळ्या आत असतात. अख्ख्या बीतून पाच मिनिटांत फार काही बाहेर येत नाही. मिक्सरची पूड टाकली तर पाणी गढूळ होतं, गाळणीतून चोथा उतरतो आणि शेवटचा घोट घशाला लागतो. खलबत्त्यात दोन-तीन ठोके, जाडंभरडं, आणि तेही त्या वेळी लागेल तेवढंच. खलबत्ता नसेल तर पोळपाटावर लाटण्याने चेचा. महिन्याभराची पूड करून ठेवलेल्या बरण्या मी लोकांच्या घरी बघते. तो वेळ वाचवण्याचा नव्हे, चव घालवण्याचा उद्योग आहे.

या नियमाला अपवाद म्हणजे साल आणि कंद. दालचिनी आणि आलं नुसत्या गरम पाण्यात नीट उतरत नाहीत. ते झाकण ठेवून मंद आचेवर 3-4 मिनिटं उकळलं तर चालतं. दालचिनी त्याहून जास्त उकळली की पाणी किंचित बुळबुळीत होतं, ते लक्षात ठेवा.

पाण्याचंही सांगते. महापालिकेचं पाणी येतं ते भातसा-वैतरणा-तानसाच्या तलावांचं, त्याला चव छान उतरते. पण उपनगरातल्या काही सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळतात. ते जड असतं, त्यात साधा चहासुद्धा मठ्ठ लागतो, वर साय धरल्यासारखं होतं. तसं असेल तर फिल्टरचं घ्या.

कोणत्या मसाल्यापासून सुरुवात करावी? मी नेहमी एकच उत्तर देते: धणे, जिरं, बडीशेप. जिरं उष्णतेकडे झुकतं, धणे आणि बडीशेप त्याला सांभाळून घेतात, आणि एकत्र प्यायलं की कोणाच्याच पोटात भांडण होत नाही. तिन्ही मिळून एक सपाट छोटा चमचा, 2 ग्रॅमच्या आसपास, एका कपाला. तुमची जळजळ थांबेपर्यंत जिरं काढून टाका, फक्त धणे-बडीशेप. जिरं कोरडं भाजून टाकलं तर वास एकदम खमंग येतो. पण मग ते पाणी जेवणाच्या बाजूला झुकतं, साराची आठवण येते. संध्याकाळच्या कपाला न भाजलेलंच बरं.

नुसती बडीशेप हा सगळ्यात सोपा चहा, साखरेची गरजच पडत नाही, तिची गोडी तिच्यातच असते. इथे एक घोळ नेहमी होतो. बाळंतशेपा म्हणजे बडीशेप नव्हे. त्या सोव्याच्या, म्हणजे शेपूच्या बिया, चपट्या आणि फिक्या तपकिरी. बाळंतिणीला देतात त्या. चवीला तिखटसर. वाण्याकडे घाईत "शेपा द्या" म्हटलं की हातात काय पडेल त्याचा नेम नाही. मागच्या पावसाळ्यात एका मुलीने महिनाभर बाळंतशेपांचा चहा प्यायला आणि 'बडीशेप मला सोसत नाही' अशी तक्रार घेऊन आली.

धण्याचा गरम चहा फार कोणाला आवडत नाही, मलाही नाही. धण्याचा खरा उपयोग हिमात. तुमच्या तळपायांच्या आगीला आणि तोंडाला सध्या हेच हवंय. चमचाभर धणे जाडसर ठेचून, उकळून गार केलेल्या कपभर पाण्यात रात्री घाला, झाकून ठेवा, सकाळी गाळून थोडी खडीसाखर घालून प्या. ओट्यावर उष्ट्या चमच्याशेजारी उघडं ठेवू नका. मुंबईच्या दमट हवेत रात्रभरात काहीही आंबतं. एप्रिल-मे आणि पावसाळ्यात सरळ फ्रिजमध्ये ठेवा, पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढा.

ओवा मात्र रोजचा नव्हे. ओव्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास थायमॉल असतं, चांगलं झोंबतं ते. मिसळ झाली, लग्नाचं जेवण झालं, रविवारी मटण जरा जास्तच झालं, तेव्हा पाव चमचा ओवा कपभर पाण्यात. तुम्ही रोज चमचाभर टाकत होतात. एवढ्या ओव्याने पोट बरं होत नाही, भाजतं.

आलं मुंबईकरांना जिवापाड प्रिय. इंचभर आलं चहाच्या पूर्ण भांड्याला असतं हो, एका कपाला नाही! नखाएवढी चकती, ठेचून, पुरे. सुंठ आणि आलं एक समजू नका. आलं वाळताना त्यातला तिखटपणाचा घटक बदलतो, सुंठ जास्त जहाल होते. तेव्हा आल्याच्या जागी सुंठ घातलीत तर चिमूटभरच. आणि दूध घालणार असाल तर आलं पाण्यात आधी उकळून घ्या, दूध नंतर. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक पाचक द्रव्य असतं, त्याने दूध फाटतं. उकळीत ते निष्प्रभ होतं. टपरीवरचा चहावाला आलं ठेचून आधी पाण्यात का टाकतो, त्याचं एक कारण हे.

गवती चहा मसाला नाही, पण तो सोडून हा विषय पुरा होत नाही. भाजीवाल्याकडे पुदिन्याच्या शेजारी जुडी असते. तीन-चार पाती धुऊन गाठ मारा आणि गरम पाण्यात सोडा, गाठ मारली की गाळायचं कामच राहत नाही. वर लिंबू हवं तर दोन थेंब. दुपारी चारच्या कटिंगला हाच सगळ्यात जवळचा पर्याय, कारण वास तरतरी आणणारा आहे. पुदिना मात्र तुम्ही सध्या टाळा. जेवण वर येत असेल, छातीत जळजळत असेल तर पुदिन्याने अन्ननलिकेच्या तोंडाची झडप आणखी सैल पडते. पुदिना थंड, म्हणून ॲसिडिटीला चांगला, असं सगळे समजतात. ढेकर मोकळा येतो म्हणून बरं वाटतं आणि रात्री आडवं झाल्यावर त्रास होतो.

वेलचीबद्दल एवढंच सांगेन की साली फेकू नका. दाणे खिरीला, साली चहाला. दोन-तीन साली एका कपाला पुरतात.

दालचिनीवर थोडं थांबते, कारण इथे खरोखर नुकसान होऊ शकतं. बाजारात दालचिनी म्हणून जी जाड, कडक, एकाच थराची, गडद तपकिरी साल मिळते ती बहुतेक वेळा कॅशिया, म्हणजे दालचिनीच्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाची साल, असते. खरी दालचिनी पातळ, कागदासारखी, विडीसारखे एकात एक थर गुंडाळलेली, बोटांनी चुरगळते, रंगाने फिकी आणि चवीला गोडसर. ती श्रीलंकेची येते. आपल्या कोकणातही होते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तिचं 'कोकण तेज' नावाचं वाण काढलंय, सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडून कोणी येत असेल तर मागवा. फरक चवीचाच नाही. कॅशियात कूमारिन नावाचा घटक असतो, तो काही जणांच्या यकृताला त्रास देतो. रोज आयुष्यभर घ्यायची सुरक्षित मर्यादा युरोपातल्या अन्नतज्ज्ञांनी शरीराच्या किलोमागे 0.1 मिलिग्रॅम धरलीय, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6 मिलिग्रॅम. कॅशियाच्या एका ग्रॅममध्ये ते साधारण 3 मिलिग्रॅम भरतं, मालागणिक कमीजास्त. तुमच्या दोन तुकड्यांचं वजन झालं 5 ग्रॅम. सगळं पाण्यात उतरत नाही हे खरं, तरी दोन महिने रोज कशाला? कधीतरी मसालेभातात पडणाऱ्या दालचिनीची चिंता करू नका. रोजच्या कपात मात्र खरी, पातळ दालचिनी घ्या आणि तीही बोटाच्या पेराएवढीच.

लवंग एका कपाला एक. मिरी दोन दाणे. जायफळ सुरीच्या टोकावर राहील एवढंच, तेही रात्री. चक्रीफुलाचा चहा मी स्वतः करत नाही, कारण त्याच्यासारखं दिसणारं एक विषारी जपानी फळ आहे आणि सुकल्यावर दोघांतला फरक डोळ्यांनी ओळखणं कठीण. तान्ह्या बाळाला तर चक्रीफुलाचं पाणी मुळीच देऊ नये.

हळदीचं म्हणाल तर ती पाण्याची नाहीच, दुधाची आहे. तिच्यातला मुख्य घटक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्याला स्निग्धपणा लागतो. पाण्यात ढवळलेली हळद तळाशी बसते आणि तुम्ही पिवळं पाणी पिता. शिवाय मूतखड्याचा त्रास झालेल्यांनी रोज चमचाभर हळद खाऊ नये, तिच्यात ऑक्झलेट भरपूर असतं.

आता सासूबाई. तुमच्या यादीतली त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट वस्तू कोणती? ज्येष्ठमध. गोड, साधं, घशाला चांगलं, म्हणून कोणाला त्याचा संशय येत नाही. पण रोज पोटात गेलं की त्यातल्या ग्लायसिरायझिनमुळे शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. बीपी वाढतं, पायांवर सूज येते, आणि बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर पोटॅशियम आणखी खाली जातं. त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एकदा खोकल्याला एक काडी चघळली म्हणून काही होत नाही, रोजच्या चमचाभर पावडरीने होतं. दोन महिन्यांत त्यांनी तुमच्या कपातला वाटा घेतला असेल तर या आठवड्यात बीपी मोजून घ्या आणि त्यांच्या डॉक्टरांना हे सांगा. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीबरोबर आलं, हळद, मेथी, दालचिनी यांचे काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. भाजी-आमटीत पडतं तेवढं चालतं. विचारताना "घरचं काहीतरी घेते" असं मोघम सांगू नका, काय आणि किती चमचे ते सांगा. मधुमेहाची गोळी असेल तर मेथीचं पाणीही तसंच, साखर जास्त उतरू शकते. त्यांना चालेल असा कप म्हणजे अर्ध्या चमच्याची बडीशेप, नाहीतर वेलचीच्या साली.

मुलाला सर्दी झाली म्हणून चहा-काढा द्यायची गरज नाही. अगदी वाटलंच तर बडीशेपेचं किंवा तुळशीच्या दोन पानांचं पातळ, कोमट पाणी, चार-पाच चमचे. ओवा नको, मिरी-लवंग नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच नको, हे तुमच्या मुलाला लागू नसलं तरी घरात लहान भाचरं येतात म्हणून लिहिते. मोठ्यांनीही मध गरम पाण्यात घालू नये, कप कोमट झाल्यावर घाला. दिवस गेलेल्या बाईने यातलं काहीही रोज घ्यायच्या आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

ऑफिसच्या पाच-सहा कपांचं काय करायचं? सगळे एकदम सोडू नका. तिसऱ्या दिवशी डोकं धरेल, चिडचिड होईल आणि खापर बडीशेपेवर फुटेल. दर तीन-चार दिवसांनी एक कप बदला. आधी दुपारी चारचा, मग सहाचा. सकाळचा चहा तसाच राहू द्या, तोही गेला तर माणूस आठवड्यात परत मूळपदावर येतो हे मी पुष्कळदा पाहिलंय. छोट्या थर्मासमध्ये उकळतं पाणी न्या आणि ठेचलेला मसाला कापडाच्या पुरचुंडीत वेगळा न्या. घरून तयार करून नेलेला चहा दुपारपर्यंत कडू होतो, कारण चोथा आत भिजत राहतो. जेवणाबरोबर पिऊ नका, तासभर अंतर ठेवा, विशेषतः तुमचं हिमोग्लोबिन कमी असेल तर. साध्या चहासारखाच या पाण्यातला तुरटपणाही जेवणातलं लोह अडवतो.

मसाला घ्यायचा कुठून, हेही विचारता. एप्रिल-मेमध्ये लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत वर्षाचा मसाला कुटून घ्यायला गर्दी होते, तेव्हा ताजा माल असतो आणि उलाढाल भराभर होते. तिथूनच चहाचे दाणे घ्या. मशीद बंदरला स्वस्त पडतं, पण तिथे जाऊन माणूस हमखास किलोने घेतो आणि पावसाळ्यात त्याला बुरशी येते. चहासाठी 50 ते 100 ग्रॅमच्या वर घेऊ नका. घ्यायच्या आधी दहा दाणे तळहातावर चोळून वास घ्या. हाताला वास राहिला नाही तर तो दाणा कपातही काही देणार नाही. बडीशेप फारच हिरवीगार दिसली तर चार दाणे पाण्यात टाका, पाणी लगेच हिरवं झालं तर तो रंग आहे. घरी फोडणीच्या डब्यात ठेवू नका, तो दिवसातून दहादा उघडतो. गॅसच्या वरच्या फळीवर तर मुळीच नको, तिथे रोजची वाफ आणि उष्णता लागते. काचेची बरणी, घट्ट झाकण, अंधारं कपाट.

आणखी एक. सगळ्यांना सांगते तसं तुम्हालाही. आमच्याच इमारतीतले एक गृहस्थ, पन्नाशीचे, रात्री दहाला छातीत दाटलंय, गॅस झालाय म्हणून ओव्याचं पाणी प्यायले. तासाने पुन्हा प्यायले. पहाटे दोनला त्यांच्या मुलाने माझं दार वाजवलं तेव्हा घामाने बनियन भिजलेली होती आणि डावा हात जड झाला होता. हृदयविकाराचा झटका होता. वाचले, पण ते चार तास वाया गेले. छातीत दाटणं, घाम, जबड्यात, पाठीत किंवा हातात कळ, धाप यातलं काहीही असेल तर ओवा-जिरं-हिंग काही करत बसू नका, 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठं हॉस्पिटल गाठा. बायकांमध्ये तर नुसती मळमळ आणि थकवा एवढंच असू शकतं.

तुमची जळजळ त्यातली वाटत नाही, जेवून लगेच आडवं झाल्यावर वाढते असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा पुढचे आठ दिवस सकाळी धण्याचं पाणी, रात्रीचं जेवण झोपायच्या दोन-तीन तास आधी, आणि काढा, मिरी, आलं, ओवा काही नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी धणे-बडीशेपेचा एक कप सुरू करा, जळजळ नसेल तर आठवड्याने त्यात जिरं घाला. जळजळ तोवर थांबली नाही, गिळताना अडकायला लागलं, किंवा तोंडातला एखादा व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर चहा बदलू नका, डॉक्टरांना तोंड आणि पोट दोन्ही दाखवा.